रिकाम्या कबरीची किल्ली

इंग्लंडच्या केंट परगण्यात कोबम नावाचे गाव आहे. गावाबाहेर ओक आणि चेस्टनटच्या जुन्या झाडांचे रान पसरले आहे, आणि त्या रानातला चढ चढून गेले की माथ्यावर एक चौरस दगडी इमारत समोर येते. तिच्या डोक्यावर पिरॅमिड आहे, भोवती कोरडा खंदक आहे, तळघरात शवपेट्या ठेवण्यासाठी बांधलेली 32 फडताळे आहेत, आणि त्यांपैकी एकाही फडताळात आजवर कोणी विसावलेले नाही. 1786 मध्ये पूर्ण झालेली ही डार्न्ली घराण्याची कबर, म्हणजेच डार्न्ली मॉसोलिअम, आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिच्या दुरुस्तीचा खर्चही सार्वजनिक पैशातून झाला आहे. एका उमराव घराण्याने स्वतःसाठी बांधलेल्या आणि कधीही न वापरलेल्या कबरीवर लोकांचा पैसा खर्च करावा का, हा प्रश्न त्यामुळे येथे अगदी उघड्या स्वरूपात उभा राहतो. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला एक अट जोडलेली आहे, आणि ती अट इंग्लंडमध्ये अजून पुरेशा कठोरपणे पाळली जात नाही असे मला वाटते.

आधी शब्दाविषयी थोडे. समाधी, छत्री, मकबरा, थडगे हे शब्द मराठीत आहेत, पण त्यांतला एकही येथे तंतोतंत बसत नाही. थडगे किंवा मकबरा बहुधा एका व्यक्तीचा असतो, आणि छत्री अनेकदा देहाशिवाय केवळ स्मरण म्हणून उभी राहते. इंग्लंडच्या ग्रामीण भागातले मॉसोलिअम हे घराण्याचे असते. एकामागून एक येणाऱ्या पिढ्यांच्या शवपेट्या ओळीने ठेवता याव्यात, यासाठी ती इमारत बांधलेली असते. शब्द मात्र मूळचा एकाच माणसाच्या नावावरून आला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मॉसोलस नावाचा राजा होऊन गेला. त्याची राणी आर्टेमिसिया हिच्या काळात हॅलिकार्नासस येथे त्याची जी भव्य कबर उभी राहिली, ती प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेली. चौरस चौथरा, त्यावर खांबांची रांग आणि सर्वांत वर पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, असे तिचे वर्णन रोमन लेखक प्लिनीने करून ठेवले आहे. कोबमच्या माथ्यावरची इमारत पाहताना हे वर्णन आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरा अर्ल ऑफ डार्न्ली (अर्ल ही इंग्रज उमरावांची एक पदवी), जॉन ब्लाय, 1781 मध्ये वारला. त्याच्या घराण्यातल्या माणसांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळत असे, पण तेथील त्यांचा तळघराचा भाग भरून गेला होता. म्हणून त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवले की कोबमच्या आपल्या जमिनीवर कबर बांधावी, तिला ठळक असा पिरॅमिड असावा, खंदक असावा, आणि त्यासाठी 5,000 पौंड, न पुरल्यास 10,000 पौंड खर्च करावेत. वारस मुलगा त्या वेळी अवघा चौदा वर्षांचा होता. काम त्या काळातला अत्यंत नावाजलेला वास्तुविशारद जेम्स वायट याच्याकडे गेले. त्याने 1783 मध्ये हा आराखडा लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडला आणि तीन वर्षांत इमारत उभी राहिली. पुढे बिशपकडून जागा पवित्र करून घेण्याचा विधी झालाच नाही. विधी झाल्याशिवाय दफन नाही. म्हणून इमारत तयार होती, घराणे नांदते होते, माणसे मरत होती, आणि तरीही फडताळे रिकामीच राहिली.

या इमारतीचे वास्तुशिल्प जवळून पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या युक्तिवादाचा निम्मा भार त्यावरच आहे. पोर्टलंडच्या फिकट चुनखडी दगडात बांधलेला हा चौरस आहे, पण त्याचे चारही कोपरे कापलेले आहेत. त्या तिरक्या कापांवर डोरिक, म्हणजे प्राचीन ग्रीक पद्धतीच्या साध्या, खांबांच्या जोड्या भिंतीपासून पुढे आल्या आहेत, आणि प्रत्येक जोडीच्या माथ्यावर दगडी शवपेटीच्या आकाराचा घडीव ठोकळा ठेवलेला आहे. सरळ चौकोनी भिंतीवर नुसता पिरॅमिड ठेवला असता, तर तो पेटीवरच्या झाकणासारखा दिसला असता. कोपरे कापल्यामुळे नजर तिरकी वळते, खांबांवरून शवपेटीकडे जाते, तेथे क्षणभर थांबते आणि मग पिरॅमिडच्या उतारावरून टोकाकडे सरकते. वजन खाली आणि नजर वर, अशी ही रचना आहे. वायटने या इमारतीवर अलंकरण फार थोडे केले आहे, आणि जे केले आहे तेही मृत्यूच्याच भाषेतले आहे. पाने-फुले नाहीत, घराण्याच्या पराक्रमाचे देखावे नाहीत. भिंतीचा सपाट दगड पुष्कळ मोकळा ठेवलेला आहे, आणि केंटच्या ढगाळ प्रकाशात त्या मोकळ्या दगडावर सावल्यांचे जे हलके फेरफार होत राहतात, तेच त्या भिंतीचे खरे नक्षीकाम आहे.

आतली मांडणी त्याहूनही विचारपूर्वक केलेली आहे. वरच्या मजल्यावर प्रार्थनेची खोली, तिच्यावर घुमट, आणि तिच्या खाली शवपेट्यांचे तळघर. जिवंत माणसांनी खंदक ओलांडून वरच्या खोलीत जायचे आणि मृताला खंदकाच्या तळातून खालच्या दाराने आत न्यायचे, अशी वाटांची विभागणी आहे. खंदक केवळ दिखाऊ नाही. दोन वाटा वेगळ्या करण्याचे काम तो करतो, आणि ओल तळघराच्या भिंतींपासून दूर ठेवण्याचेही. मृत्युपत्रातली एक हौशी वाटणारी मागणी वास्तुविशारदाने इमारतीच्या कामाला जुंपली, हे मला वायटच्या बुद्धीचे फार मोठे लक्षण वाटते.

अशा इमारती चर्चपासून दूर, मोकळ्या शेतजमिनीत बांधण्याची कल्पना इंग्लंडमध्ये कोठून आली, याचा एक धागा मराठी वाचकाला अनपेक्षित वाटेल, कारण तो सुरतेला जाऊन पोहोचतो. कॅसल हॉवर्ड या यॉर्कशरमधल्या प्रसिद्ध वाड्याचा वास्तुविशारद जॉन व्हॅनब्रा हा तरुणपणी, 1683 ते 1685 या काळात, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून सुरतेच्या वखारीत होता. गावाबाहेरच्या दफनभूमीत इंग्रज व्यापाऱ्यांच्या घुमट असलेल्या मोठमोठ्या कबरी त्याने तेथे पाहिल्या. त्यांतली सर्वांत मोठी कबर ऑक्सेंडन बंधूंची. धाकटा क्रिस्टोफर 1659 मध्ये वारला आणि सर जॉर्ज 1669 मध्ये. हा जॉर्ज ऑक्सेंडन म्हणजे जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तिथला प्रमुख. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिलेला हेन्री ऑक्सेंडनही त्याच घराण्यातला. या कबरींची मांडणी इथल्या मुसलमानी मकबऱ्यांवरून घेतलेली होती. पुढे 1711 मध्ये लंडनमध्ये नवी चर्चे बांधण्याचा विचार चालू असताना व्हॅनब्राने सूचना केली की मृतांना चर्चच्या आत आणि अंगणात दाटीवाटीने पुरणे बंद करावे आणि गावाबाहेर मोकळ्या जागेत दफनभूमी कराव्यात, आणि उदाहरण म्हणून त्याने सुरतेच्या दफनभूमीचे चित्र काढून जोडले. लंडनने ती सूचना तेव्हा मानली नाही. कॅसल हॉवर्डचा मालक, तिसरा अर्ल ऑफ कार्लाइल, याने मात्र आपल्या जमिनीवरच्या टेकडीवर घराण्याची कबर बांधायला घेतली. ती 1729 मध्ये निकोलस हॉक्समूरच्या आराखड्यानुसार सुरू झाली आणि 1742 मध्ये पुरी झाली. भोवती 20 डोरिक खांबांचे कडे, वर घुमट, खाली 63 कोनाड्यांचे तळघर. खांब फार जवळजवळ उभे आहेत, हा प्राचीन नियमांचा भंग आहे, असा आक्षेप लॉर्ड बर्लिंग्टन या वास्तुकलेच्या जाणकार उमरावाने घेतला होता. हॉक्समूरने तो मानला नाही, आणि त्या दाट खांबांतूनच त्या इमारतीला तिचे गंभीर वजन आले आहे. तो स्वतः 1736 मध्ये, काम अर्धवट असतानाच, वारला.

वायटच्या पिढीला हा वारसा तयार मिळाला होता. त्याने लिंकनशरमध्ये ब्रॉकल्सबी येथे पेल्हॅम घराण्यासाठी बांधलेले मॉसोलिअम, गोल आकाराचे, 12 डोरिक खांबांचे, अनेकांना कोबमपेक्षा अधिक सुंदर वाटते. तेथे सोफिया ही तरुण पत्नी वारल्याचे दुःख इमारतीच्या मध्यभागी पुतळ्याच्या रूपाने उभे आहे आणि घुमटातल्या रंगीत काचेतून उजेड तिच्यावर उतरतो. माझा कौल मात्र कोबमला आहे. ब्रॉकल्सबीमध्ये दुःख एका व्यक्तीचे आहे, आणि इमारत ते दुःख फार सुंदर रीतीने सांगते. कोबमला सांगायला व्यक्तीच नाही. तेथे फक्त आकार, वजन आणि उजेड यांच्या साहाय्याने मृत्यूविषयी जे म्हणता येईल तेवढेच म्हटलेले आहे, आणि त्यामुळे ती इमारत कोणाही आलेल्या माणसाची होऊ शकते.

घराण्याचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. डार्न्ली घराण्यातला जो माणूस जगाला माहीत आहे तो आठवा अर्ल, आयव्हो ब्लाय. 1882-83 मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ घेऊन तो ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि ॲशेसची ती छोटी मातीची कुपी त्याला तेथे भेट मिळाली. 1927 मध्ये तो वारेपर्यंत ती त्याच्यापाशी होती. आज ती लॉर्ड्सवर आहे. सुमारे 11 सेंटीमीटर उंचीच्या त्या कुपीने घराण्याचे नाव घरोघर पोहोचवले, जे काम हजारो पौंडांच्या दगडी पिरॅमिडकडून झाले नाही. कोबम हॉल हा वाडा 1950 च्या दशकात घराण्याच्या हातून गेला आणि 1962 मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू झाली. रानातल्या रिकाम्या कबरीकडे लक्ष द्यायला कोणी उरले नाही. 1980 च्या सुमारास काही लोकांनी तळघरात मोटारींचे टायर आणि पेट्रोल रचून आग लावली, आणि वरच्या प्रार्थनाखोलीची जमीन तळघरात कोसळली. त्यानंतर एका विकासकाने इमारत घेऊन तिचे राहते घर करण्याचे ठरवले, पण तो बेतही बारगळला. शेवटी ग्रेव्हशॅमच्या स्थानिक नगरपरिषदेने ती ताब्यात घेतली, राष्ट्रीय लॉटरीतून चालणाऱ्या वारसानिधीच्या पैशातून दुरुस्ती झाली, आणि पुढे ती नॅशनल ट्रस्टकडे सुपूर्द करण्यात आली.

आता आक्षेप. तो दुबळा करून मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ब्लाय घराण्याची मोठी जमीन आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात होती. म्हणजे या पिरॅमिडमागे आयरिश कुळांनी भरलेल्या खंडाचा पैसाही उभा आहे. ज्यांनी तो भरला, त्यांच्या कबरीवर बहुधा एक दगडही नसेल. कॅसल हॉवर्डचे तर याहून कठीण आहे. तो वाडा आणि त्याचे उद्यान करण्यासाठी हेंडरस्केल्फ नावाचे आख्खे गाव हटवण्यात आले. ज्या टेकड्यांवर आज देखणी कबर आणि देखणी तळी दिसतात, तेथे एकेकाळी माणसांची वस्ती होती. लॉटरीचे तिकीट काढणारा माणूस बहुतेक गरीब किंवा मध्यमवर्गीय असतो. त्याच्या खिशातून निघालेला पैसा, त्याच्या पणजोबांना ज्यांनी जमिनीवरून उठवले त्यांची कबर सजवण्यासाठी का जावा? हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी संस्कृतीचा शत्रू म्हणणार नाही. त्याचे म्हणणे ऐकून मगच पुढे जावे लागते.

माझे उत्तर असे आहे. इमारत कोणी बांधवून घेतली हा एक प्रश्न आणि ती कोणी बांधली हा दुसरा. मृत्युपत्र अर्लचे होते, पण दगड खाणीतून काढून, घडवून, चुन्यात बसवून खांब उभे करणारे हात अर्लचे नव्हते. पोर्टलंडच्या खाणीतले कामगार, केंटमधले गवंडी आणि सुतार यांच्या नावाची पाटी तेथे नाही, पण त्यांचे काम तेथे आहे आणि ते पहिल्या दर्जाचे आहे. इमारत पडू दिली तर अर्लला शिक्षा होत नाही; त्याचे जे व्हायचे ते 1781 मध्येच झाले. नाहीशी होते ती त्या अनामिक कारागिरांची एकमेव उरलेली खूण. शिवाय, ज्या घराण्याने ही इमारत स्वतःसाठी राखून ठेवली होती, ते घराणे तिचा वापर करू शकले नाही. ती रिकामी राहिली आणि मोकळी झाली. असा ठेवा सार्वजनिक होण्यासाठी याहून योग्य कारण शोधून सापडणार नाही.

दुरुस्ती कशी करावी याबद्दलही वाद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी स्थापन केलेल्या संस्थेची शिकवण अशी, की जुन्या वास्तूला नवी करू नये. जे आहे ते टिकवावे, गेलेले पुन्हा घडवून काळाला खोटे पाडू नये. या शिकवणीचा जन्म ज्यांच्यावरच्या रागातून झाला, त्यांत खुद्द जेम्स वायटचेही नाव होते. सॉल्झबरीसारख्या मध्ययुगीन कॅथीड्रलांमध्ये त्याने ‘सुधारणा’ म्हणून एवढी तोडफोड केली होती, की पुढच्या पिढ्यांनी त्याला ‘विनाशक’ ठरवले. मग त्याच वायटच्या जळून कोसळलेल्या खोलीची जमीन आणि घडण पुन्हा होती तशी करावी का? कित्येकांच्या मते जळकी भिंत तशीच ठेवून केवळ छप्पर टिकवणे अधिक खरे ठरले असते. मला ते पटत नाही. मॉरिसची शिकवण शंभर हातांनी शंभर वर्षांत वाढलेल्या कॅथीड्रलला लागू पडते, कारण तेथे प्रत्येक थर खरा असतो आणि कोणता मूळ समजायचा हे ठरवणारे आपण कोणी नसतो. कोबमची इमारत एकाच आराखड्यानुसार तीन वर्षांत झाली. वायटची रेखाचित्रेही शिल्लक आहेत. तिची सारी किंमत तिच्या प्रमाणबद्धतेत आहे, आणि वरच्या खोलीची जमीनच नसेल, तर वर जिवंतांची खोली आणि खाली मृतांचे तळघर ही तिची मुख्य कल्पनाच वाचता येत नाही. म्हणून तेथे पुनर्घडण योग्य होती. मात्र आगीचा इतिहास त्या जागेवर स्पष्टपणे सांगितला गेलाच पाहिजे, कारण तोही त्या इमारतीच्या आयुष्याचा भाग आहे.

आणि आता अट. आग लावणारी मुले होती की मोठी माणसे, याची चर्चा पुष्कळ झाली असेल. माझ्या मते ज्याने दाराला कुलूप लावून पाठ फिरवली तोही त्या आगीत सहभागी होता. बंद, निर्मनुष्य, रानातली इमारत आसपासच्या लोकांना आपली वाटत नाही. जिथे दर आठवड्याला माणसे येतात, तिथे एक फरशी सैल झाली तरी कोणीतरी सांगते, पन्हळीत पाने साचली तर कोणाच्या तरी लक्षात येते, भिंतीच्या सांध्यात पिंपळासारखे रोप रुजले तर ते वेळीच उपटले जाते. आज नॅशनल ट्रस्टचे स्वयंसेवक ठरावीक दिवशी कोबमचे दार उघडतात, आणि जे माणूस रानातून सहज फिरत आलेले असते, ते दारातून आत पाऊल टाकते. म्हणून सार्वजनिक पैसा मिळालेल्या प्रत्येक मॉसोलिअमच्या वरच्या खोलीचे दार वर्षातून ठरावीक दिवशी, विनामूल्य आणि आधी परवानगी मागायला न लावता उघडले गेले पाहिजे. सरकारी दुरुस्ती अनुदानात आणि वारसाकरातून मिळणाऱ्या सवलतीत लोकांना प्रवेश देण्याची अट आधीपासून असते. पण ‘विनंतीवरून’ प्रवेश म्हणजे प्रत्यक्षात दूरध्वनी, पत्रव्यवहार आणि एखाद्या कचेरीची मर्जी असे होऊन बसते. ज्या शेतमजुराच्या पणतवंडाला ती इमारत पाहायची आहे, तो पत्र लिहून परवानगी मागणार नाही. तो कुंपणावरून बघून निघून जाईल.

ज्या कबरींत माणसे खरोखर पुरलेली आहेत, तेथे ही अट मी जशीच्या तशी लावणार नाही. कॅसल हॉवर्डचे घराणे आजही नांदते आहे, आणि आपल्या आई-वडिलांच्या शवपेट्यांसमोरून अनोळखी माणसांची रांग जावी असे कोणालाही वाटणार नाही. तेथे तळघर बंद राहो. वरच्या खोलीबद्दल मात्र हा विचार लागू होत नाही, कारण ती मुळातच जिवंतांसाठी बांधलेली आहे. उरतो तो तिसरा प्रकार, आणि इंग्लंडमध्ये तोच सर्वांत केविलवाणा आहे: ज्यांचे वारस कोठे आहेत हेच कळत नाही अशा कबरी. कायद्याने कबर घराण्याच्या वारसाची. वारस सापडत नाही. चर्चच्या अंगणात असली तरी चर्चची जबाबदारी नाही. आणि मग छपराचे शिसे चोरीला जाते, पाणी मुरते, आतले लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि दगड फोडतात. अशा काही इमारती स्वतःच्या ताब्यात घेऊन सांभाळण्यासाठी 1997 मध्ये खास एक ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे मोजक्याच इमारती आहेत, पण मोडकळीला आलेल्या खासगी कबरीची मालकी सार्वजनिक संस्थेने घ्यावी, आणि मगच तिच्यावर पैसा घालावा, हा त्याचा क्रम मला बरोबर वाटतो. मालकी खासगी, दार बंद आणि खर्च मात्र लोकांचा, ही व्यवस्था मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही.

कोबमच्या तळघराचा काही ‘उपयोग’ करावा, अशी सूचना अधूनमधून होऊ शकते: प्रदर्शन, चहापानाची जागा, लग्नांसाठी भाड्याने. विकासकाने पाहिलेल्या घराच्या स्वप्नाचीच ही सौम्य रूपे आहेत. ती 32 फडताळे रिकामी राहण्यातच त्या इमारतीचा अर्थ आहे. खंदकातून खालच्या दाराशी उभे राहिले की आत अंधार असतो आणि भिंतीत ओळीने काळ्या चौकटी दिसतात. डोळे सरावले की कळते की चौकटी रिकाम्या आहेत. मग मागे वळून वर जावे, खंदक ओलांडावा आणि दुसऱ्या दाराने घुमटाखाली उभे राहावे. ही दोन दारे, एवढे अंतर आणि मधली ती जमीन, जी एकदा जळून खाली कोसळली आणि पुन्हा बसवली गेली, तेवढ्यासाठी सुट्टीच्या दिवशी कोबमचे दार उघडे असायला हवे.